बूच लावायची घाई

ऑगस्टातली सकाळ. छाणीच्या घराच्या ओट्यावर चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. भाच्याचा. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

“मामा, बाटली फुटली.”

“कसली बाटली?”

“वाईनची. घरी केलेली.”

मी नकळत फोनचा आवाज कमी केला. एक तर गुजरात. त्यात छाणी. अहमदाबादच्या हमरस्त्यावरचं हे गाव आता बडोदा शहरात मिसळून गेलंय, पण इथल्या इतक्या घरांतून मुलामुलींनी दीक्षा घेतल्या की जैन समाजात त्याला ‘दीक्षेची खाण’ म्हणतात. अशा गावात सकाळी आठ वाजता ओट्यावर बसून वाईनची चर्चा करणं बरं दिसत नाही. मी आत गेलो, दार लोटलं आणि म्हटलं, “आता सांग. लागलं का कुणाला?”

कुणाला लागलं नव्हतं. जुलैत हा आणि त्याची बायको शेतावर जाऊन बादलीभर ब्लूबेरी तोडून आले होते. साखर, पाणी, यीस्टची पुडी आणि प्लास्टिकची बादली, एवढ्या भांडवलावर वाईन सुरू झाली. बाराव्या दिवशी बुडबुडे मंदावले. शनिवारी मित्रमंडळी जेवायला येणार होती, म्हणून फळांच्या रसाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत ती भरली, झाकणं घट्ट पिळली आणि थंडीच्या जॅकेटांच्या कपाटात ठेवून दिली. सात बाटल्या. शनिवारचं जेवण रद्द झालं आणि बाटल्या कपाटातच राहिल्या. तीन आठवड्यांनी त्यातली एक अशी फुटली की शेजाऱ्याला गोळीबार वाटला. पांढऱ्या भिंतीवर जांभळे शिंतोडे उडाले आणि जॅकेटांत काचा घुसल्या.

“बाकीच्या सहा?”

“तिथेच आहेत. बाहेर काढतोय.”

“हात लावू नकोस,” मी ओरडलोच. “वर जाड घोंगडी टाक, दार लाव, खोली गार कर. उद्या सकाळी जॅकेट घाल, हातमोजे घाल, डोळ्यांना गॉगल लाव. बाटली टॉवेलात गुंडाळायची आणि झाकण केसभर सैल करायचं. फुस्स झालं की थांबायचं. मग पुन्हा केसभर.”

सहाही बाटल्या सुखरूप सुटल्या. चौथीतली निम्मी वाईन मात्र छतावर गेली.

मी आयुष्यात वाईनची एक बाटली भरलेली नाही. तरीही भाच्याने रात्री फोन मलाच केला, कारण बडोद्याच्या एका औषध कारखान्यात किण्वन विभागात मी एकतीस वर्षं काढली. किण्वन म्हणजे आंबवणं. आमच्याकडे बुरशी आणि जिवाणू वाढवून त्यांच्याकडून औषध करून घेत. भांडी हजारो लिटरची, पण नियम स्वयंपाकघराचेच होते: आपल्याला हवा तो जीव वाढू द्यायचा, नको त्याला दारातच अडवायचं आणि होणारा वायू कोंडू द्यायचा नाही. एखाद्या झडपेपाशी चार थेंब साचून राहिले की तिथून परका जिवाणू शिरायचा आणि चौथ्या दिवशी सगळी बॅच गटारात जायची. “बॅच गेली” हे दोन शब्द ऐकले की आम्हाला घरी जेवण जात नसे.

भाच्याची बॅच गेली ती मात्र घाणीमुळे गेली नव्हती. ती घाईने गेली होती.

कायद्याच्या छायेत

हा लेख छाणीतून लिहिलेला आहे, तेव्हा कायद्याचं आधीच सांगून टाकतो. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ रोजी, आणि मुंबईचा दारूबंदी कायदाही त्याच १९४९ सालचा. १९६० साली राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्राने कायदा ठेवला आणि परवान्यांची दारं उघडली. गुजरातने दारूबंदी तशीच चालू ठेवली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर गुजरातेत दारू बनवण्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वयंपाकघरातली पाच लिटरची बरणी त्यातून सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनीही फार निर्धास्त राहू नये. तिथेही परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हाच आहे, आणि कायद्याच्या लेखी वाईन ही दारूच. वाइनरी काढायला परवाना मिळतो, पण हौस म्हणून ओट्याखाली बरणी लावायला मुभा नाही. अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे संघराज्याच्या कायद्याप्रमाणे घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला शंभर गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर दोनशे गॅलन वाईन स्वतःपुरती करता येते. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही, आणि तिचं ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढायची नाही. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे पाहावे लागतात, ते निराळं.

गंमत म्हणजे ज्या न्यू जर्सीत भाच्याचं कपाट जांभळं झालं, त्याच राज्यातल्या व्हाइनलँड गावी १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून, त्यातलं यीस्ट मारून, न आंबणारा रस बाटलीत भरला. हा गृहस्थ पक्का दारूबंदीवाला होता. चर्चमधल्या विधीला वाईनऐवजी साधा रस असावा, एवढीच त्याची इच्छा होती. पाश्चरने फ्रान्समध्ये वाईन बिघडू नये म्हणून जी युक्ती शोधली, तीच वेल्चने वाईन होऊच नये म्हणून वापरली.

बडोद्याचं जुनं नातं

बडोद्याला आंबवणं आणि ऊर्ध्वपातन परकं नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. पुढे १९०७ साली गज्जर, आपले मराठी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी एक रासायनिक कारखाना उभा केला. नाव ठेवलं अ‍ॅलेम्बिक. अ‍ॅलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं नळीचं भांडं. औषधी टिंक्चरांना अल्कोहोल लागतं, आणि या कारखान्याचा सुरुवातीचा माल टिंक्चर आणि अल्कोहोल हाच होता. दारूबंदीच्या राज्यातल्या या शहरात औषधनिर्मितीचा जो मोठा पसारा आज दिसतो, त्याच्या मुळाशी असं एक भांडं आहे.

त्याहून जुनी गोष्ट वैद्यांची. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट ही नावं मराठी घरात कुणाला नवी नाहीत. काढा करून आंबवलं तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. त्यात गूळ किंवा मध असतो आणि धायटीची फुलं असतात. त्या फुलांसोबत रानचं यीस्ट येतं. मडक्याला आतून धूप द्यायचा, माल भरताना वर जागा सोडायची, तोंड बांधायचं आणि महिनाभर उबेला ठेवायचं. तयार झालं की नाही हे पाहायची वैद्यांची रीत मला आजही चकित करते. मडक्याला कान लावायचा. आत चुळचुळ ऐकू आली तर अजून वेळ आहे. तोंडाशी जळती काडी न्यायची. विझली तर आतून वायू येतोय, म्हणजे काम चालू आहे. काडी जळत राहिली आणि आतला आवाज थांबला, की मगच गाळायचं.

या आसवांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतंच. १९४९ च्या कायद्याने अल्कोहोल असलेली औषधंसुद्धा बंदीच्या जाळ्यात ओढली होती. ते कलम १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात न्यायालयाने दारूबंदी राहू दिली, पण अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. म्हणून छाणीच्या औषधाच्या दुकानात आजही द्राक्षासवाची बाटली उघडपणे मिळते.

भाच्याला मी ही काडीची रीत सांगितली. तो म्हणाला, “मामा, इकडे याला एअरलॉक म्हणतात आणि दोन डॉलरला मिळतो.” खरं आहे. पण रीत त्याच्या आधीची आहे, आणि ती पाळली असती तर जॅकेटं वाचली असती.

वसईची बरणी

मराठी घरात फळांची वाईन प्रत्यक्ष कुठे होते, असं कुणी विचारलं तर उत्तर वसई, उत्तन, वांद्रे, गोराई. तिथला ख्रिस्ती समाज. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत इथले शेतकरी, कोळी आणि वाडवळ ख्रिस्ती झाले, पण भाषा मराठीच राहिली. १८८७ साली यांतल्याच पुढाऱ्यांनी मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन काढली आणि तेव्हापासून समाजाचं ते नाव रूढ झालं. आंबवण्याची यांची जाण जुनी. सणाला तळतात ते फुगे फुलवायला पीठ ताडीने भिजवायचं, ही त्यांचीच पद्धत.

नोकरीत असताना एका सहकाऱ्यासोबत नाताळाच्या आधी मी वसईला गेलो होतो. गाव आणि घर सांगत नाही, कारण वर सांगितलेला कायदा तिथेही आहे. कोठीच्या खोलीत चिनी मातीची मोठी बरणी होती. आत काळी द्राक्षं आणि मनुका, साखर, पाणी, थोडं यीस्ट आणि मूठभर गहू. तोंडाला पांढरं मलमल, वर सुतळी. घरच्या आजी रोज सकाळी लाकडी चमच्याने ढवळायच्या. एकविसाव्या दिवशी गाळून पुन्हा बरणीत भरायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. पेयाची चव गोडसर आणि रंग गढूळ, पण वास स्वच्छ होता.

कारखान्यातला माणूस म्हणून मी तिथे चुका शोधत होतो. फडक्यातून हवा जाते, म्हणजे पुढे व्हिनेगर होण्याचा धोका. गव्हाचं कामही मला धड पटलं नाही. पण एक गोष्ट त्या घरात कुणी चुकत नव्हतं. बाटलीचं झाकण कधी घट्ट लावत नसत. थोडी वाईन वर काढून ठेवायची ती सैल बुचाची, आणि नाताळ ते नवं वर्ष एवढ्यात संपवायची. “कोंडली की ती रागावते,” असं आजी म्हणाल्या होत्या. त्यांना वायूचं सूत्र ठाऊक नव्हतं, पण बाटली फुटलेली त्यांनी पाहिली असावी.

बडोद्याहून वसईकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, गुजरातची हद्द ओलांडली की घोलवड लागतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तिथल्याच बोर्डीत हिल झिल या वाइनरीने परवाना घेऊन चिकूची वाईन बाजारात आणली. म्हणजे छाणीतून सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणापर्यंत, जे इथे गुन्हा आहे ते तिथे शेतमालावरची प्रक्रिया म्हणून चाललेलं पाहता येतं.

दुसरी बॅच

सप्टेंबरात भाच्याचा पुन्हा फोन आला. “मामा, काँकर्ड द्राक्षं आलीत. या वेळी तू सांगशील तसं.” व्हिडिओ कॉलवर मी पहिली अट घातली: हायड्रोमीटर आणल्याशिवाय फळ आणायचं नाही.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची एक नळी. रसात साखर जितकी जास्त, तितकी ती वर तरंगते. पाण्यात ती १.००० दाखवते. त्याच्या द्राक्षरसात १.०६५ दाखवलं, म्हणजे लिटरमागे साधारण १७० ग्रॅम साखर. एक टक्का अल्कोहोलसाठी लिटरमागे सुमारे १७ ते १९ ग्रॅम साखर लागते, म्हणजे एवढ्यावर नऊ टक्क्यांच्या आसपास निघेल. ते टिकायला कमी. बारा टक्क्यांसाठी आकडा १.०८८ च्या आसपास हवा. दहा लिटर रसाला साडेसहाशे ग्रॅम साखर घालायला लावली. साखर वाढवली की वाईन गोड होते असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. यीस्टला पेलवेल तोवर ती साखर खाऊन त्याची दारूच करतं.

मग स्वच्छता. धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तीनदा सांगितलं. आधी साबणाने घासून काढायचं, खळखळून धुवायचं, आणि मग निर्जंतुक द्रावणात बुडवायचं. चमचा, चाळणी, नळी, झाकण, सगळं. ओरखडे पडलेली बादली टाकून द्यायची, कारण ओरखड्यात जंतू दडतात. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वर्ज्य. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. वाईन ताकाइतकीच आंबट असते आणि त्यात महिनोन्‌महिने राहते.

द्राक्षं निवडून घेतली. बुरशी लागलेलं एकेक काढलं. हाताने चुरडली, बिया फोडल्या नाहीत. बिया फुटल्या की कडवटपणा येतो, आणि आलुबुखारसारख्या फळांच्या आठळ्या फोडल्या तर त्यातून सायनाइड सुटणारी द्रव्यं उतरतात. मग चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आपल्या बायका सरबतं टिकवायला केएमएस म्हणून जी पूड वापरतात, तीच. दहा लिटरला जेमतेम एक ग्रॅम, तीही काट्यावर मोजून, अंदाजाने नाही. दम्याच्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून पाहुण्यांना आधी सांगायचं. ही पूड रानच्या जंतूंना दाबून टाकते. चोवीस तास थांबून मग कोमट पाण्यात भिजवलेलं वाईनचं यीस्ट घालायचं.

“थांबायचं कशाला?” भाचा म्हणाला.

“दही लावताना कडकडीत दुधात विरजण घालतोस का?”

विरजणाचंच उदाहरण पुढेही कामाला आलं. चांगलं विरजण पुरेसं घातलं की दुधातल्या बाकीच्या जंतूंना वाढायला सवड मिळत नाही. यीस्टचं तसंच. ते एकदा जोमात आलं की भांडं त्याचं.

यीस्टला खाऊ म्हणून डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, घालतात. छाणीच्या शेजारीच खत कारखान्याचं फर्टिलायझरनगर असल्याने डीएपी हे नाव इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. रसायन तेच, पण शेताच्या गोणीतलं वाईनमध्ये घालायचं नाही. खाण्यायोग्य दर्जाचं वेगळं मिळतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फसफस सुरू झाली. बादली तीन-चतुर्थांशच भरली होती, कारण साली वर येऊन जाड थर होतो. तो दिवसातून दोनदा खाली दाबायचा, नाहीतर वरच्या ओल्या सालींवर बुरशी आणि चिलटं येतात. चिलट दिसायला क्षुल्लक, पण व्हिनेगरचा जिवाणू पायाला लावून हिंडतं. खोलीचं तापमान वीस-बावीस अंश. बडोद्याच्या मे महिन्यात हे जमलं नसतं, कारण चाळिशीच्या जवळ यीस्टच दम सोडतं.

इथे वायूचा हिशेब सांगितलाच पाहिजे. यीस्ट साखर खातं तेव्हा साधारण निम्म्या वजनाचं अल्कोहोल होतं आणि निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड. दहा लिटर रसातल्या सव्वादोन किलो साखरेतून किलोभराहून अधिक वायू निघतो. त्याचं आकारमान सहाशे लिटरच्या घरात, म्हणजे दोनशे लिटरचे तीन ड्रम. हा वायू हवेहून जड असतो, तळाशी साचतो. म्हणून कोंदट कोठीत किंवा बंद गाडीत भांडं ठेवायचं नाही. खिडकी उघडी हवी.

सातव्या दिवशी चोथा गाळून रस काचेच्या अरुंद तोंडाच्या बरणीत गेला, गळ्यापर्यंत भरून, वर एअरलॉक. आतला वायू पाण्यातून बुडबुड करत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. मलमलाच्या फडक्याला जे अर्धंच जमतं, ते हा पुरतं करतो. महिन्याने गाळ सोडून वरचं निवळ दुसऱ्या बरणीत नळीने ओढलं. नळी तोंडाने ओढायची नाही, कारण तोंडातले जंतू थेट वाईनमध्ये जातात. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तेच.

मधे एकदा कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणून तो घाबरला. यीस्टची उपासमार झाली की असं होतं. दुसऱ्या बरणीत ओतल्यावर वास गेला. पण वर केसाळ, रंगीत बुरशी आली असती तर मी सगळं ओतून द्यायला लावलं असतं. बुरशी काढून खालचं वापरायचं नाही. लोणच्याला लावतो तो नियम इथेही.

बूच

बाजारात जायची घाई व्यापाऱ्याला असते. नवशिक्याला मात्र बूच लावायची घाई असते, कारण बाटलीत भरली की वाईन झाली असं वाटतं. नोव्हेंबरात भाच्याचा एअरलॉक गप्प झाला. “झाली,” तो म्हणाला. मी आकडा विचारला. १.००८. म्हणजे लिटरमागे अजून पंचवीस-तीस ग्रॅम साखर शिल्लक होती आणि थंडीमुळे यीस्ट झोपलं होतं.

ही पंचवीस-तीस ग्रॅम म्हणजे किती, हे शॅम्पेनवाल्यांना विचारावं. ते दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर मुद्दाम घालतात, तेव्हा बाटलीत सहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीच-तीनपट. म्हणून शॅम्पेनची काच जाड, बूड आत वळलेलं आणि बुचावर तारेची जाळी. साध्या वाईनच्या किंवा रसाच्या बाटलीला हा दाब सोसत नाही. भाच्याची पहिली बाटली फुटली त्यामागचं सगळं गणित एवढंच.

बरणी उबेच्या खोलीत हलवली. बुडबुडे पुन्हा सुरू झाले. जानेवारीत आकडा ०.९९६ वर आला. आठवड्याने पुन्हा ०.९९६. आणखी आठवड्याने तेच. एअरलॉक गप्प आहे म्हणून थांबलं असं नाही. आकडा हलत नाही म्हणून थांबलं. शिवाय वाईन निवळून आरपार दिसायला हवी, म्हणून मार्चपर्यंत थांबायला लावलं. ज्यांना गोड हवी त्यांनी या टप्प्यावर नुसती साखर घालू नये, कारण यीस्ट पुन्हा जागं होतं. पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही मापाने घालून मगच गोड करावी. त्यातही सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. चालू फसफस त्याने थांबत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी बाटल्या भरल्या. वाईनच्याच बाटल्या, एकही टवका नसलेल्या, निर्जंतुक केलेल्या. नळी तळापर्यंत नेऊन, फेस न करता. बूच आणि वाईन यांत दोन बोटं जागा. तीन दिवस उभ्या ठेवून मग आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. प्रत्येकीवर तारीख आणि शेवटचा आकडा. बारा बाटल्या. सगळ्या प्लास्टिकच्या खोक्यात, झाकण लावून. माझ्या आग्रहाने.

विषाचं काय?

छाणीत हे सगळं ज्यांना सांगितलं त्यांतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: घरची दारू विषारी होते ना? जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसं गेली, ती आठवण गुजरातेत ताजी आहे. पण त्या माणसांच्या पेल्यात जे गेलं ते आंबवलेलं पेय नव्हतं. ते कारखान्यातून चोरलेलं मिथेनॉल होतं. फळं आंबवताना त्यांतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल तयार होतं खरं, पण अगदी थोडं. वाईनमध्ये ते पसरलेलं असतं आणि माणूस त्याने मरत नाही. धोका सुरू होतो भट्टी लावल्यावर, किंवा कुणी रसायन मिसळल्यावर. म्हणून घरी अर्क काढायचा नाही, वाईन गोठवून कडक करायची नाही आणि कुठून आलं ते माहीत नसलेलं अल्कोहोल कशात घालायचं नाही. आणि विष नाही म्हणजे अपाय नाही, असंही नव्हे. बारा टक्के म्हणजे बारा टक्के. गाडी चालवणाऱ्याने, गर्भवतीने, यकृताचा आजार असलेल्याने ती लांबच ठेवावी.

नवशिक्याच्या वाईनचे खरे शत्रू तीन: घाण, हवा आणि घाई. घाणीने बॅच नासते, हवेने व्हिनेगर होतं. दोन्हींत पैसे आणि मेहनत जाते, एवढंच. घाईने मात्र डोळा जाऊ शकतो.

यंदा दिवाळीला भाचा छाणीला येतोय. बारापैकी चार बाटल्या शिल्लक आहेत आणि एकही फुटलेली नाही. त्यातली एक घेऊन येऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. मामाच्या घरची दिवाळी त्याने पोलीस चौकीत काढू नये.

गुजरातेत किंवा महाराष्ट्रात असाल आणि परवाना नसेल, तर हे वाचून ठेवा, करू नका. जिथे कायदा मुभा देतो तिथे असाल, तर करा. पण हायड्रोमीटर आधी विकत घ्या, फळं मग.